एकाच पंपात सगळं

मेडशीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. औषध म्हणजे पिकाचं. माणसाचं मेडिकल रस्त्याच्या पलीकडे आहे आणि त्या बाजूला मी फारसा जात नसे. शेतकरी येतो, खिशातून सोयाबीनचं चुरगळलेलं पान काढून काउंटरवर ठेवतो. मी चष्मा कपाळावर सरकवून पान उजेडात धरतो आणि सांगतो, हे अमुक आहे, यावर हे मार. लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. ऐकून ऐकून हळूहळू माझाही बसला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

कारण पान बघून रोग सांगणाऱ्या या माणसाच्या घरात त्याची बायको वर्षभर सुकत होती आणि त्याला पत्ता नव्हता. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा ती संध्याकाळी चादर पांघरून बसायची. कंगव्यात केसांचा गुंता यायचा. मी तेल बदलून आणलं. भाजी निवडता निवडता तिचा डोळा लागायचा, तर मी मायला म्हणालो, "हिले काम कमी पडून राह्यलं."

"तुले अक्कल कमी पडून राह्यली," माय म्हणाली.

दोन निदानांपैकी मायचं बरोबर निघालं.

मग तिला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. दुकानात मी काय काय विकलं, कुणाशी काय बोललो, त्या आठवड्यातलं मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की घरी तिने बाळासाठी मऊ जुन्या साडीची दुपटी शिवून ठेवली होती आणि ती कुठे गेली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर वाशीमच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला लावलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड म्हणतात, ती हिची मंद आहे, असं त्यांनी सांगितलं. शरीराला जो रस पाहिजे तो ती पुरेसा करत नाही. तो आपण गोळीतून द्यायचा. रोज, आणि बहुतेक कायमचा. मी विचारलं, "मॅडम, त्याच्यामुळेच झालं का ते?" त्या म्हणाल्या, असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण पुढच्या वेळी हे आधीपासून ताब्यात असलं पाहिजे. सुरुवातीला बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईच्या जिवावर असतं.

आईच्या जिवावर. ते दोन शब्द माझ्या डोक्यात असे रुतले की अजून निघालेले नाहीत.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर मोबाइलची बॅटरी लावून बायकोला म्हणालो, "मान वर कर." ग्रंथी कुठे दिसते का पाहत होतो. तिने थोडा वेळ मान वर धरली. मग म्हणाली, "पान पाहून राह्यले काय माह्यं?"

गोळी आली ती साबुदाण्याच्या दाण्याएवढी. माय ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिली. "एवढीशी? येच्यानं काय होते?" मलाही तसंच वाटलं होतं, पण काही आठवड्यांनी चादर पेटीत गेली. कंगवा स्वच्छ राहायला लागला. एके सकाळी चहात साखर जास्त झाली म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर तिने मला माझ्या आजोबांपर्यंत नेऊन आणलं, तेही एका दमात. मी कप घेऊन ओट्यावर जाऊन बसलो आणि मनात म्हटलं, गुण आला बाप्पा.

पुढे पुन्हा दिवस राहिले. ती शांत होती. वेडा मी झालो. मोटारसायकल मी घराबाहेर काढेना. वाशीमला जायचं तर एसटीनेच, आणि एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर उशी ठेवून. मी ड्रायव्हरला म्हणायचो, "भाऊ, गड्डे पाहून चालवा." एकदा तो वळून म्हणाला, "गड्डेच पाहून राह्यलो, रस्ता कोठी आहे?" अख्खी गाडी हसली. बायको खिडकीकडे तोंड करून हसली. मी एक हात उशीवर ठेवून बसलो होतो.

पहिले दोन्ही रिपोर्ट चांगले आले. तिसरा महिना सरला. तो सरेपर्यंत मी घरात पायसुद्धा आवाज न करता टाकत होतो. चौथ्या महिन्यात मॅडमनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू केल्या. सगळ्यांनाच देतात तशा. बायको आत नर्सकडे वजन करायला गेली होती. मॅडम गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होत्या आणि ऐकायला एकटा मी होतो. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. मेडशीचाच एक शेतकरी होता, त्याच्या फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं होतं. मी हात तोंडावर धरून त्याला सांगितलं, सुई घालू नको, छिद्र मोठं होते. मग मॅडमकडे वळून म्हणालो, "कळलं, कळलं." नोझलचं मला नक्की कळलं होतं.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फवारणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही. म्हणून शेतकरी अळीचं औषध, बुरशीचं औषध आणि टॉनिक एकाच पंपात कालवतो आणि एका फेरीत उरकतो. काय कशात चालतं हे मला विचारतो आणि मी सांगतो. हे ज्ञान माझ्या अंगात इतकं मुरलेलं की घरी आल्यावर मी तिन्ही गोळ्या ओळीने मांडल्या आणि जाहीर केलं, सकाळी सहाला, उपाशीपोटी, तिन्ही एकदम. विसरायची भीती नाही, दिवसभर कटकट नाही.

अलार्मला मी कोंबड्याचं आरवणं लावलं. पहिल्या दिवशी शेजारचा खरा कोंबडा त्याला उत्तर देत बसला.

तिला ते पटलं नव्हतं. लोहाच्या गोळीने तिला रिकाम्या पोटी उमळून यायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "हे लाल गोळी जेवल्यावर घेऊ काय? मळमळते मले."

"मॅडमनं उपाशीपोटी सांगतलं."

"थे ह्या बारक्या गोळीचं सांगतलं होतं. येचं नाई."

"बारकी काय नि मोठी काय, पोट तं एकच आहे ना?"

"मी काय तुमच्या गिऱ्हाइकाचं वावर आहो काय, एकाच पंपात सगळं माराले?"

मला ती माझ्या कामाची दाद वाटली. मी म्हणालो, "वावराचं मी कधी वाटोळं केलं काय?" ती गप्प झाली. आत्ता विचार करतो तर कळतं, ती पटून गप्प झाली नव्हती. भीती तिलाही होती. एक गोळी चुकली आणि काही झालं तर, असं तिच्याही मनात होतं, आणि भ्यायलेला माणूस ठासून बोलणाऱ्याचं ऐकतो. ठासून बोलणं तर माझा धंदाच.

पुढचं रक्त दिलं आणि रिपोर्ट आणायला मीच गेलो. लॅबच्या पायरीवरच पाकीट फाडलं. पाहिलं तर टीएसएचचा आकडा मागच्यापेक्षा चांगलाच वाढलेला. मला काय आनंद झाला! हिचं थायरॉइड कमी होतं ना? मग वाढलं! गोळी लागू पडली! स्टँडजवळून पेढे घेतले, बायको दवाखान्यातल्या बाकावर बसली होती तिला एक भरवला, नर्सला दिला, शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला दिला. तीही बिचारी "मुलगा झाला काय?" म्हणत खाऊन बसली.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पेढ्याचं पाकीट माझ्या हातात तसंच.

त्यांनी समजावून सांगितलं. हा आकडा ग्रंथीचा नव्हे. ग्रंथीला कामाला लावणाऱ्याची ही हाक आहे. रस कमी पडला की तो जास्त ओरडतो, म्हणून आकडा वाढतो. वाढला म्हणजे कमी पडतंय. मी पाकिटाची घडी घालून खिशात ठेवायला लागलो. पेढे खिशात मावत नव्हते.

"गोळी उपाशीपोटी घेता ना?" मॅडमनी बायकोला विचारलं.

तिने तोंड उघडलं. उत्तर मी दिलं. "एकदम उपाशीपोटी, मॅडम. अलार्म लावून."

"लगेच चहा?"

"तासभर पाण्याशिवाय काही नाही."

"पन मॅडम, थे बाकीच्या..." बायको म्हणाली.

"बाकीच्याही टायमावर," मी म्हणालो.

मॅडमनी थायरॉइडच्या गोळीची ताकद वाढवून दिली आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं.

ते आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुकानात बसून मोबाइलवर वाचायचो आणि जे वाचू नये तेच नेमकं पुढे यायचं. आईचं थायरॉइड कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असं वाचलं त्या दिवशी मी एका माणसाला तणनाशकाऐवजी पीकवाढीचं टॉनिक दिलं. त्याच्या बांधावर गवत असं तरारलं की तो दुसऱ्यांदा तेच मागायला आला, गाईंसाठी. रस्त्याने चालणाऱ्या पोरांकडे मी टक लावून पाहायला लागलो. कुणी उशिरा चाललं होतं, कुणी उशिरा बोललं होतं, हे त्यांच्या आयांना विचारायचो. दर तासाला घरी फोन करायचो.

"हललं काय?"

"हललं."

"केव्हा?"

"आत्ताच. तुमचा फोन वाजला की लाथ मारते."

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं बरं वाटायचं. मग वाटायचं, तिने मला बरं वाटावं म्हणून तर सांगितलं नसेल? पुन्हा फोन.

अशाच एका दुपारी चाचा दुकानात आले. चाचांचा स्टँडवर चपलांचा व्यवसाय आणि गावाबाहेर थोडं टमाट्याचं वावर. त्यांनी दोन पुड्या मागितल्या. एक कॅल्शियमची, टमाट्याचं बूड काळं पडू नये म्हणून. दुसरी फुलं धरायला, फॉस्फरसवाल्या खताची.

"बेटा, मजूर मिळून नाई राह्यले," चाचा म्हणाले. "दोनी एकाच पंपात मारतो. खतम."

हा प्रश्न मला मोसमात शंभर जण विचारतात आणि त्याचं उत्तर मी झोपेतही देईन. त्यासाठी मी काउंटरखाली प्लॅस्टिकचा पारदर्शक पेलाच ठेवलेला आहे. बोलून पटत नाही, डोळ्याला दाखवावं लागतं. मी पेल्यात पाणी घेतलं, पहिलं चिमूटभर टाकलं, विरघळलं. दुसरं टाकलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि बुडाशी साका बसायला लागला.

"पाहा चाचा," माझं तोंड आपोआप चालू झालं, "दोन्ही माल चांगले आहेत. पन कॅल्शियम कोनातही टाकाचं नाई. कॅल्शियम दुसऱ्याले धरून बसते. मंग थे पिकाले लागतच नाई. तुमाले वाटते औषध देलं, पन झाडाच्या पोटात..."

आणि मी थांबलो.

पेला माझ्या हातात होता. पांढरा साका हळूहळू खाली उतरत होता. मला समोर काउंटर दिसेना. बायकोचा तळहात दिसत होता, सकाळी सहाचा, कोंबडा आरवून गेल्यावरचा. त्यावर तीन गोळ्या. बारकी पांढरी, लाल, आणि मोठी पांढरी. ती मोठी पांढरी कॅल्शियमची.

"झाडाच्या पोटात काय?" चाचा म्हणाले. "बोल ना. काय झालं बेटा? बैठ, बैठ."

"चाचा, दुकान पाहा जरासक."

"अरे पन माह्या टमाट्याचं?"

"वेगवेगळं मारा!" मी रस्त्यातून ओरडलो. "मधात चार-पाच दिवस जाऊ द्या!"

घर लांब नाही, पण त्या दिवशी ते जवळ येईना. वाटेत मी माझी समजूत घालत होतो. पेला म्हणजे पोट नव्हे. खत म्हणजे गोळी नव्हे. आपण उगाच घाबरतो. आणि त्याच वेळी मला पक्कं माहीत होतं की मॅडम त्या दिवशी, मी नोझलबद्दल बोलत असताना, नेमकं हेच सांगत होत्या.

बायको अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पेला, साका, कॅल्शियम, सगळं. तिचं सूप थांबलं. मला वाटलं आता ती ओरडेल, आजोबांपर्यंत नेईल. मी त्याची वाट पाहत होतो. तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, आत जाऊन पिशवी आणली.

"चला," ती म्हणाली. "आत्ताच."

एसटीत मी ड्रायव्हरला गड्ड्यांचं काही म्हणालो नाही. ती पोटावर हात ठेवून बसली होती. मालेगाव मागे पडेपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही. जांभरुण फाट्याजवळ कधीतरी विचारलं, "हललं काय?" तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. मग म्हणाल्या, लोह आणि कॅल्शियम दोन्ही ती गोळी पोटात अडवतात. चार तासांचं तरी अंतर पाहिजे, हे मी त्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी आता सगळं बायकोला सांगितलं. सकाळी फक्त बारकी गोळी. लोह दुपारी जेवल्यावर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. वाढवलेली ताकद तूर्त तशीच ठेवू, पण गोळी आता पुरी लागेल तर ती जास्तही होऊ शकते, म्हणून रक्त लवकर तपासू आणि मग ठरवू. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आणि बाळाचं, मॅडम?" बायकोने विचारलं.

त्यांनी सोनोग्राफी पाहिली. "आज दिसतंय ते ठीक दिसतंय. आज एवढंच सांगता येतं. जन्मल्यावर बाळाचंही रक्त तपासू."

आज एवढंच. मी परतीच्या अख्ख्या वाटेवर ते शब्द उलटेपालटे करून पाहत होतो. त्यांचा चांगला अर्थ निघतो का, वाईट.

घरी अलार्म तिने स्वतःच्या फोनवर घेतला, कोंबडा काढून टाकला. गोळ्यांचे डबे वेगळ्या खोल्यांत गेले. माझ्याकडे एकच काम उरलं, सकाळी पेला भरून पाणी आणायचं आणि तोंड बंद ठेवायचं. काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. एकदा मी पाणी आणून दिलं तेव्हा म्हणाली, "तुमाले आठवलं, तुमी पळत आले, थे मी पाह्यलं. चूक कोनाचीही होते. पन मी म्हनून राह्यली होती ना? दवाखान्यातही म्हनत होती. तुमी मले बोलूच देलं नाई."

  मी पेला घेऊन तिथेच उभा राहिलो.

पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा खाली आला. मॅडमनी गोळीची ताकद थोडी कमी केली आणि मग तो तिथेच राहिला. सगळे म्हणाले, झालं आता. मला मात्र ते मधले आठवडे दिसत राहायचे. त्या सकाळी परत काही येणार नव्हत्या. जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं असेल तर? हे मी कुणाला बोललो नाही. तीही बोलली नाही. पण दुपारी दुकानातून फोन केला की आता मी विचारायच्या आधीच ती सांगायची, "हललं."

सोयाबीन काढणीला आलं, गावभर मळणीयंत्रांचा भुसा उडायला लागला, तेव्हा मुलगी झाली. वाशीमलाच. रडली ती चांगली मोठ्याने. मायने कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "आवाज आईवर गेला." काही दिवसांनी तिच्या इवल्या टाचेला सुई टोचून रक्त घेतलं. टाचेवर कापसाचा बोळा चिकटवला, तो तिच्या टाचेपेक्षा मोठा होता.

रिपोर्ट आणायला मलाच जायचं होतं. लॅबच्या त्याच पायरीवर पाकीट हातात घेतलं. फाडलं नाही. शर्टाच्या आत घातलं आणि एसटीत बसलो. अख्ख्या रस्त्यात ते पोटाला टोचत होतं. शेजारच्या माणसाने विचारलं, "पोट दुखते काय?" मी मान हलवून "हाव" म्हटलं.

घरी बायको मुलीला पाजून मांडीवर थोपटत होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने एका हाताने ते उघडलं आणि वाचलं. बराच वेळ वाचलं. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. मग कागद माझ्यापुढे धरला.

"सांगा पाहू. वाढलं, का कमी झालं?"

आकडा होता, त्याच्या पुढे कंस होता, कंसात दोन आकडे. मला एवढा घाम फुटला होता की तिन्ही एकच दिसत होते.

"मले समजत नाई," मी म्हणालो.

मायने भाकरी थापता थापता वळून पाहिलं. हे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नसावं.

"नॉर्मल आहे," बायको म्हणाली. मग तिने मुलीच्या दुपट्यात तोंड घातलं. ते दुपटं जुन्या साडीचं होतं. मी ते ओळखलं.

"पेढे आन ना मंग," माय म्हणाली.

मी चप्पल पायात घातली, आणि थांबलो.

"आधी मॅडमले दाखवून येऊ," मी म्हणालो.

बायकोने डोळे पुसले. "उशी घ्या सोबत," ती म्हणाली. "आता दोघींसाठी लागते."